माणदेशाची वाट : भाग सातवा – आटपाडीची माणसं किती?

मागच्या आठवड्यात आपण माणगंगेच्या काठाकाठानं कुळकजाईच्या डोंगरातून दहिवडी, म्हसवड करत राजेवाडीच्या तलावापर्यंत आलो. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी बांधलेला हा तलाव. भिंत सांगली जिल्ह्यात, पाण्याचा फुगवटा साताऱ्यात. माणदेशाचीही अशीच वाटणी झाली आहे. माण तालुका साताऱ्यात, आटपाडी सांगलीत आणि सांगोला सोलापुरात. आटपाडी तर १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. पुढच्याच वर्षी सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, आटपाडी 'दक्षिण साताऱ्या'त गेली आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. ज्या म्हाताऱ्यानं हे सगळं पाहिलं त्याचं घर जागचं हललं नाही, कचेरी तेवढी बदलत राहिली.

पाऊस मात्र सगळीकडे सारखाच तुटपुंजा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणारा ढग सह्याद्री ओलांडला की रिकामा होतो. माणदेशाच्या वाट्याला पाचशेच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी, आणि तोही बराचसा परतीचा. खाली मुरमाड माळ. अशा जमिनीवर ज्वारी-बाजरी पिकते, पण घरातल्या सगळ्यांची पोटं तेवढ्यावर भरत नाहीत. म्हणून इथला माणूस पूर्वीपासून चालता. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्याच माडगुळ्याचे. त्यांच्या 'बनगरवाडी'त दुष्काळानं गाव ओस पडतं, ते त्यांच्या डोळ्यांदेखतचं जग होतं.

चालणाऱ्यांत पहिला मेंढपाळ. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून, कोकरं जाळीत घालून वाडे पश्चिमेला निघतात. कृष्णाकाठच्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. आटपाडीचा शनिवारचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार लांबवर माहीत आहे. पण त्या बाजाराला माल पुरवणारे अर्धं वर्ष गावात नसतात.

दुसरा गलाईवाला. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं देशभरच्या सराफ पेठांत सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. केरळ म्हणू नका, तमिळनाडू म्हणू नका, पार बंगालपर्यंत. मोडीचे दागिने मुशीत घालून भट्टीत वितळवायचे, तेजाबात उकळून हीण काढायचं, शुद्ध सोनं तोलून सराफाच्या हातात द्यायचं. तेजाबाचा धूर छातीत साठतो, तरी एक भाऊ गेला की तो पाठच्याला, मेव्हण्याला बोलावून घेतो. गावात नवा दुमजली बंगला दिसला आणि खिडक्या बंद असल्या, की मालक बहुधा दूर कुठल्या तरी भट्टीपुढे बसलेला असतो.

अशाच एका बंगल्याच्या ओसरीवर म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, "मावशी, घरात माणसं किती?" ती म्हणाली, "सात हायती की." मग सुपातली टरफलं फुंकून उडवली आणि म्हणाली, "हितं मी एकलीच."

जनगणनेच्या कागदावर यातलं काय उतरतं? २०११ ला आटपाडी तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ३८ हजार भरली. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, आणि त्या दिवसांत माणूस जिथं राहताना सापडला तिथं मोजला गेला. मावशीची सहा माणसं परमुलखातल्या शहरांच्या खात्यावर, मेंढपाळ वाटेवरच्या गावांच्या. हिशेब म्हणून यात चूक काही नाही. पण दिवाळीला आणि गावच्या यात्रेला हीच माणसं परत येतात, त्यांची म्हातारी आईबापं इथल्याच दवाखान्यात रांग धरतात, त्यांचे सातबारे इथंच आहेत. या आकड्यावरून गावाची गरज ठरवली तर ती कमीच ठरणार, असं मला मनापासून वाटतं.

आता टेंभूचं पाणी आलं आहे. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत भीमेच्या खोऱ्यातल्या या माळावर आणलं, आणि डाळिंबाच्या बागांना आधार मिळाला. काही पोरं भट्टी सोडून परत आली, हे मी पाहिलं आहे. किती परततील, ते पुढच्या शिरगणतीत थोडंफार कळेल. ती ठरली आहे फेब्रुवारी २०२७ मध्ये. तोच महिना. मेंढरं तेव्हा कृष्णाकाठी तुटलेल्या उसाच्या रानात बसलेली असतील.

(पुढच्या आठवड्यात : माणगंगेबरोबर सांगोल्याकडे)