गार पडते पट्ट्यात, हिशेब होतो मंडळाचा

मार्चच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात पारा चाळिशीकडे निघालेला असतो. हरभरा सोंगणीला आलेला, गव्हाच्या ओंब्या भरलेल्या, आणि झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या जंगलपट्ट्यात मोहफुलांचे दिवस तोंडावर आलेले. नेमक्या याच दिवसांत एखाद्या तापलेल्या दुपारनंतर आभाळातून बर्फ कोसळतो. पावसाळ्याचे चार महिने याच जिल्ह्यावरून ढगांच्या रांगा जातात, पण त्यांतून गारा क्वचितच पडतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी बर्फ आणि पावसाळ्यात नुसते पाणी, असे का व्हावे?

याला जोडून दुसरा प्रश्न आहे. एका गावाचे शिवार झोडपून निघते आणि नाल्यापलीकडचे पीक जसेच्या तसे उभे राहते, ते कसे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे हवामानशास्त्राकडे आहेत. दुसऱ्या उत्तराला मात्र आपल्या मोजमापाच्या व्यवस्थेत अजून जागा मिळालेली नाही, आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो.

विदर्भावर भेटणारे वारे

फेब्रुवारीच्या अखेरीपासून बंगालच्या उपसागरावर जास्त दाबाचे क्षेत्र असले की त्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वारे फिरतात. त्यांची पश्चिमेकडची बाजू समुद्रावरची वाफ घेऊन आंध्र-तेलंगणमार्गे विदर्भात शिरते. वायव्येकडून त्याच वेळी कोरडे वारे येतात. हे दोन प्रवाह जिथे भेटतात, ती रेषा अनेकदा विदर्भापासून मराठवाड्यावरून दक्षिणेला कर्नाटकापर्यंत पसरते. उन्हाळ्यातल्या हवामान अंदाजात ‘वाऱ्यांची खंडितता’ किंवा ‘द्रोणीय रेषा’ असा जो उल्लेख येतो, तो हिचाच. यवतमाळ जिल्हा वारंवार तिच्या टप्प्यात येतो.

जमीन तापलेली आणि वाफ आलेली, एवढ्यावर वादळी पाऊस होऊ शकतो. मोठ्या गारांसाठी आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे वरची थंड हवा. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात एरवी काश्मीर-हिमाचलला बर्फ देतात, पण त्यांचा वरच्या थरातला भाग कधी दक्षिणेला खोलवर उतरतो. खालची हवा तापलेली आणि वरची गार झाली की खालची हवा जोराने वर उसळते. दुसरी म्हणजे उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात पडणारा फरक. सुमारे 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह ढगाला कलता करतो. त्यामुळे पडणारा पाऊस वर चढणाऱ्या झोतावर न कोसळता बाजूला पडतो, झोत दबत नाही आणि ढगाचे आयुष्य वाढते.

2014 साली ही सारी जुळणी पुन्हा पुन्हा झाली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राचे बहुतांश जिल्हे वादळी पाऊस आणि गारपिटीने झोडपले गेले. एरवी एक-दोन दिवसांत आटोपणारे संकट तेव्हा आठवड्यामागून आठवडे मुक्काम ठोकून होते. 2018 च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्याला पुन्हा तडाखा बसला.

गार वाढते कशी

पाणी शून्य अंशाला गोठते, असे आपण शाळेत शिकतो. ढगातले सूक्ष्म थेंब हा नियम सहज मोडतात. गोठण्यासाठी धुळीचा किंवा बर्फाचा कण आधाराला मिळाला नाही, तर ते उणे 20 अंशांतही द्रवच राहतात. अगदी शुद्ध थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतात. अशा अतिशीत थेंबांच्या गर्दीत बर्फाचा एखादा कण सापडला की थेंब त्याला धडकतात आणि धडकताच गोठतात. गार वाढते ती अशी.

वाढायला वेळ हवा, आणि तो वेळ वर चढणारा झोत देतो. अडीच सेंटिमीटर व्यासाची गार तोलून धरायला ताशी साठेक किलोमीटर वेगाचा झोत लागतो. साडेचार सेंटिमीटरची व्हायची तर हा वेग ताशी 90 किलोमीटरच्या घरात जावा लागतो. गार जड झाली किंवा झोत मंदावला की ती खाली सुटते.

मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखे थर दिसतात, एक दुधाळ, एक पारदर्शक. गार जितक्या वेळा खाली-वर फिरली तितके तिचे थर, असे स्पष्टीकरण अनेक वर्षे दिले जाई. आजचे संशोधन वेगळे सांगते. ढगाच्या एका भागात पाणी कमी आणि थंडी जास्त असते. तिथे थेंब क्षणात गोठतात, हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधाळ होतो. जिथे पाणी भरपूर असते तिथे ते गारेवर पसरून सावकाश गोठते, हवा निसटते आणि बर्फ काचेसारखा होतो. या दोन्ही भागांतून एका फेरीत गेलेल्या गारेतही अनेक थर सापडू शकतात.

कोरड्या हवेचा हात

आता पहिल्या प्रश्नाकडे. मार्चमध्ये विदर्भावर शून्य अंशाची पातळी जमिनीपासून साधारण चार-साडेचार किलोमीटरवर असते. तिथून खाली येताना गार गरम हवेतून जाते, म्हणजे ती वितळायला हवी. लहान गारा वितळतातही. पण कोरड्या हवेत गारेवरचे पाणी झपाट्याने वाफ होते, आणि वाफ होताना गारेतली उष्णता घेऊन जाते. विदर्भाचा कोरडा उन्हाळाच अशा रीतीने गारेला जमिनीपर्यंत पोचायला मदत करतो.

पावसाळ्यात शून्याची पातळी साडेपाच किलोमीटरच्या आसपास जाते. हवा उंचापर्यंत दमट असल्याने गारेवरचे पाणी वाफ होत नाही, उलट ओल्या उबेत ती लवकर विरघळते. वरची हवाही तुलनेने उबदार असल्याने वर जाणाऱ्या झोतात जोर कमी. म्हणून आषाढातला ढग पाणी देतो आणि फाल्गुन-चैत्रातला ढग दगड.

या दगडांनी जगात माणसेही मारली आहेत. 30 एप्रिल 1888 रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद भागात गारपिटीने 246 जणांचा जीव घेतला. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत ही जगातली सर्वात प्राणघातक गारपीट आहे. सर्वात वजनदार गारेची नोंदही भारतीय उपखंडातलीच: बांगलादेशातील गोपालगंज, 14 एप्रिल 1986, वजन 1.02 किलो. आकाराने सर्वात मोठी गार अमेरिकेच्या साउथ डाकोटातल्या व्हिव्हियन गावी 23 जुलै 2010 रोजी सापडली, व्यास सुमारे 20 सेंटिमीटर.

पट्टा आणि सरासरी

गारा टाकणारा ढग चालत असतो, आणि त्यातला गारांचा भाग अरुंद असतो. त्यामुळे जमिनीवर उमटतो तो पट्टा. त्याची रुंदी काही किलोमीटर, लांबी कधी दहा-वीस तर कधी त्याहून बरीच जास्त. दारव्ह्याच्या एका बाजूला घाटे फुटून दाणे मातीत जातात आणि चार किलोमीटरवर फक्त शिंतोडे पडतात, याचे कारण हे.

आपली यंत्रे हा पट्टा नीट पकडत नाहीत. नागपूरचे डॉप्लर रडार यवतमाळ शहरापासून सरळ रेषेत सुमारे 130 किलोमीटरवर आहे. रडारचा झोत अर्ध्या अंशाने वर धरला तर पृथ्वीच्या गोलाईमुळे यवतमाळवर तो दोन किलोमीटर उंच असतो. उमरखेड दोनशे किलोमीटरहून दूर, तिथे हीच उंची साडेचार किलोमीटरच्या पुढे जाते. ढगात गारा आहेत हे रडार सांगेल, पण खाली कोणत्या शिवारात किती पोचल्या, हे त्याला दिसत नाही.

राज्याच्या महावेध प्रकल्पाने दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसवली, हे मोठे काम झाले. ती पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यात एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला, तेव्हा तो आकडा लगेच राज्यभर कळला. गारपिटीचा असा आकडा निघतच नाही. गारा पर्जन्यमापकावर आपटून उडतात किंवा आत वितळून काही मिलिमीटर पाणी होतात. कागदावर त्या दिवशी ‘हलका पाऊस’ राहतो.

भरपाईचा प्रश्न इथे येतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ रचनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती धरून, ठरलेल्या मुदतीत कळवल्यास एकेका शेताची पाहणी करण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने 2025 च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नाशी जोडली. मंडळातली पाच गावे गारांनी साफ झाली आणि उरलेली वाचली, तर सरासरी फारशी ढळत नाही. सरकारी मदतीसाठी 33 टक्के नुकसानीची अट आहे. त्यासाठीचा पंचनामा होईपर्यंत गारा कधीच वितळलेल्या असतात. पट्ट्यात पडणारे संकट सरासरीने मोजणे ही वैज्ञानिक चूक आहे, आणि ती दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

गावाने मोजायचे

गारपीट थांबवण्याचे प्रयत्न जगाने करून पाहिले. 1896 मध्ये ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातले आल्बर्ट श्टिगर यांनी ढगावर आवाजाचे धक्के सोडणाऱ्या तोफा उभारल्या. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रिया-इटलीत अशा हजारो तोफा लागल्या, पण चाचण्यांत त्या निरुपयोगी ठरल्या. ढगाच्या गडगडाटातून त्याहून मोठे धक्के बसतात आणि गारा तरी पडतातच. हिमाचलच्या सफरचंद बागांवरच्या किंवा अर्जेंटिनातल्या मेंडोझाच्या द्राक्षमळ्यांवरच्या जाळ्या उपयोगी पडतात. संत्र्याच्या बागेला हा खर्च एखादे वेळी परवडेल, हरभऱ्याच्या शेताला परवडणार नाही.

मोजणी मात्र स्वस्त आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहरात 1997 मध्ये पूर आला. शहराच्या एका भागात प्रचंड पाऊस पडला, काही किलोमीटरवर अगदी थोडा, आणि अधिकृत केंद्रांना त्याचा अंदाज आला नाही. त्यानंतर 1998 पासून तिथे सामान्य नागरिकांनी पाऊस आणि गारा मोजण्याचे जाळे सुरू झाले. गारांसाठी त्यांचे साधन म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळलेला फोमचा चौकोनी तुकडा. प्रत्येक गार त्यावर खड्डा पाडते. किती गारा पडल्या आणि केवढ्या होत्या, हे त्या खड्ड्यांवरून काढता येते.

आकार कळणे का महत्त्वाचे, ते पाहा. गारेचा व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होते आणि वेगही वाढतो, त्यामुळे तिचा तडाखा सुमारे सोळापट बसतो. बोराएवढी गार गव्हाला लोळवते, लिंबाएवढी गार संत्र्याच्या फांदीची साल फोडते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. ‘गारपीट झाली’ एवढ्या नोंदीत हा फरक हरवतो.

प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या गच्चीवर असा एक तुकडा ठेवता येईल. गारा पडल्या की एक गार मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो घ्यावा, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ लिहावी, शिवाराचे नाव आणि गट क्रमांक टाकावा. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर नागरिकांना आपल्या भागातल्या गारपिटीची माहिती देण्याची सोय आहे, तिथे ती नोंदवावी. शाळांतल्या मुलांना विज्ञानाचा याहून खरा प्रयोग मिळणार नाही.

तापत्या जगात शून्याची पातळी वर सरकेल, लहान गारा जास्त वितळतील, पण वाफ वाढल्याने जोरकस ढगांतून पडणाऱ्या गारा मोठ्या होतील, असा संशोधकांचा कल आहे. विदर्भात हा बदल कोणत्या दिशेने चालला आहे, हे सांगायला पुढची वीस-तीस वर्षे गावागावांतली मोजमापे लागतील. त्यांची सुरुवात येत्या फेब्रुवारीत यवतमाळच्या सोळाही तालुक्यांतून व्हावी. पट्टा नकाशावर आला, की सरासरीच्या नावाखाली त्यातल्या शेतकऱ्याला नाकारणे कुणालाही सोपे राहणार नाही.