कर्जतचं पोरगं फादरांच्या कॉलेजात गेलं, तर प्रार्थनेला बसावंच लागतं का?

बारावीचा निकाल लागला की कर्जतमध्ये पर्याय ठरलेले असतात. गावातलं दादा पाटील महाविद्यालय, नाहीतर नगर, नाहीतर पुणे. पण एखादी पोरगी मुंबईच्या सेंट झेविअर्सचा किंवा लवासातल्या ख्राइस्ट युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरते आणि घरात चर्चा सुरू होते. तिथं सगळं फादरांचं चालतं म्हणे, पोरीला चर्चमध्ये बसवतील का?

तर नाही. संविधानाच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याची संमती लागते, आणि वय १८ च्या आत असेल तर पालकांची. म्हणून अकरावीच्या फॉर्मवर सही करण्याआधी त्यातलं सगळं वाचावं. मूल्यशिक्षणाचा पेपर असेल तर तो अभ्यासक्रमाचा भाग, तो मात्र सगळ्यांना द्यावा लागतो.

झेविअर्स १८६९ साली जेझुइट फादरांनी काढलं. ख्राइस्ट हे सीएमआय या केरळात सुरू झालेल्या कॅथलिक धर्मसंघाचं, २००८ पासून अभिमत विद्यापीठ. तसे नगर जिल्ह्याला फादर काही नवे नाहीत. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते, तिथं नवस बोलायला ख्रिस्ती नसलेलेही जातात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत. त्यामुळे अशा कॉलेजात एखादाच हिंदू किंवा मुस्लिम विद्यार्थी असेल, ही कल्पना चुकीची आहे.

खरी अडचण ॲडमिशनला येते, आणि ती बऱ्याच घरांना उशिरा कळते. कलम ३० मुळे अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवता येतात आणि आपल्या समाजासाठी जागा राखता येतात. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(५) मधून या संस्थांना वगळलंय. म्हणजे एससी, एसटी, ओबीसी आरक्षण तिथं बंधनकारक नाही. मागच्या वर्षीपर्यंत हा वाद गाजत होता. राज्य सरकारने अकरावीसाठी अल्पसंख्याक कॉलेजांतही हे आरक्षण लावायचा निर्णय घेतला, तेव्हा जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. जातीच्या दाखल्याच्या भरवशावर फक्त एकच फॉर्म भरला असेल तर पंचाईत होते. स्कॉलरशिपचं गणित वेगळं, त्याची चौकशी कॉलेजच्या ऑफिसात आधीच करावी.

ॲडमिशन झालं की उरतो मिसळण्याचा प्रश्न, आणि तिथं धर्मापेक्षा भाषा आडवी येते. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला लेक्चर समजतं, पण प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. कँटीनमधल्या गप्पा इंग्रजी-हिंदीत चालतात. कर्जत म्हटलं की समोरच्याला लोकलचं शेवटचं स्टेशन आठवतं, राशीनच्या यमाईचं कर्जत समजावून सांगावं लागतं. पहिले दोन-तीन महिने हे जड जातंच.

अशा वेळी झेविअर्सचं मराठी वाङ्मय मंडळ कामाला येतं. 'आमोद' हा मराठी महोत्सव तेच भरवतं. फादरांच्या कॉलेजात मराठीत नाटक बसवणारी पोरं भेटतात, हे गावाकडं सांगून पटत नाही. लवासाला जायचं असेल तर मात्र आधी कॅम्पस बघून यावा. डोंगरातलं ठिकाण आहे, सुट्टीला एसटीने घरी यायचं तर अख्खा दिवस धरून चालावं.