न्यूगेट कादंबरी

न्यूगेट कादंबरी हा इंग्लंडमध्ये १८३० ते १८४७ या सुमारास लोकप्रिय असलेला कादंबरीप्रकार होय. वाटमारे, घरफोडे आणि खुनी यांना या कादंबऱ्यांत नायकाचे स्थान मिळाले. लंडनचा न्यूगेट तुरुंग व गुन्हेगारांच्या चरित्रांचा ‘न्यूगेट कॅलेंडर’ हा संग्रह यांवरून टीकाकारांनी हिणवण्यासाठी हे नाव रूढ केले.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक गुन्ह्यांना देहदंड होता; दुकानातून ५ शिलिंगांची वस्तू चोरणाराही फाशी जाऊ शकत असे. चोर आणि सत्ताधीश यांत अंतर ते किती, हा उपरोधिक प्रश्न जॉन गे याने ‘द बेगर्स ऑपेरा’ (१७२८) या संगीत नाटकात पूर्वीच विचारला होता.

प्रमुख कादंबऱ्या

एडवर्ड बुल्वर-लिटन याच्या ‘पॉल क्लिफर्ड’ (१८३०) मध्ये निरपराध मुलगा तुरुंगात जातो आणि तेथूनच दरोडेखोर होऊन बाहेर पडतो. कठोर कायदाच गुन्हेगार घडवतो, हे लेखकाचे सरळ प्रतिपादन आहे.

विल्यम हॅरिसन एन्सवर्थ याला असा काही युक्तिवाद करायचा नव्हता. त्याला साहसाची ओढ होती. त्याच्या ‘रूकवुड’ (१८३४) मधील डिक टर्पिन ‘ब्लॅक बेस’ घोडीवरून लंडनहून यॉर्कपर्यंत दौड करतो. ही दौड टर्पिनने कधीच केली नव्हती. खरा टर्पिन घरांत शिरून वृद्धांना छळणाऱ्या टोळीतला होता. १७३९ साली घोडेचोरीबद्दल तो फाशी गेला. लोकांच्या स्मरणात मात्र घोडीच राहिली.

वाद

एन्सवर्थची ‘जॅक शेपर्ड’ (१८३९) ही कादंबरी १७२४ साली चार वेळा कैदेतून निसटलेल्या आणि अखेर फाशी गेलेल्या सुताराच्या शिकाऊ उमेदवारावर आधारित आहे. तिची नाट्यरूपे लंडनच्या रंगभूमीवर गाजत असतानाच, मे १८४० मध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांचा खून झाला. ही कल्पना आपल्याला ‘जॅक शेपर्ड’वरून सुचली, असे आरोपी नोकर कुर्व्हाझिए याने सांगितल्याचे वृत्त पसरले. एन्सवर्थने ते नाकारले. तरीही या नावाच्या नव्या नाटकांना परवानगी मिळेनाशी झाली.

वाचकांना गुन्हेगारांची किळस यावी म्हणून थॅकरेने ‘कॅथरीन’ (१८३९–४०) लिहिली. पुढे मात्र आपल्यालाच नायिकेविषयी छुपी माया वाटू लागल्याची कबुली त्याने दिली. ही कबुली या साऱ्या वादातील सर्वांत प्रामाणिक साक्ष म्हणावी लागेल. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’वरही हाच आरोप झाला, तेव्हा चार्ल्स डिकन्सने १८४१ च्या प्रस्तावनेत उत्तर दिले: आपले चोर चांदण्यात घोडे उधळत नाहीत, ते दैन्यात कुजतात.

जुलै १८४० मध्ये कुर्व्हाझिएला न्यूगेटसमोर जाहीर फाशी देण्यात आली. ती पाहण्यास लोटलेल्या प्रचंड गर्दीत थॅकरे आणि डिकन्स दोघेही होते. आपणही तो देखावा पाहिला याची लाज वाटल्याचे थॅकरेने त्यानंतरच्या लेखात लिहिले. ब्रिटनमधील जाहीर फाशीची प्रथा १८६८ साली बंद झाली.