शेडनेटच्या हिशेबात पुढच्या वर्षांची महागाई धरली का?

ढोबळी मिरचीच्या शेडनेटसाठी बरेच जण कोटेशन घेत आहेत. त्यात पाइप, जाळी, ठिबक, उभारणी सगळं असतं. पण रोपं, खतं, औषधं आणि मजुरीत जो पैसा मिरची विकेपर्यंत अडकतो, तो त्यात नसतो. हेच खेळतं भांडवल. आणि ते दरवर्षी वाढतं.

*उदाहरण (आकडे समजण्यापुरते)*
पहिल्या वर्षी 2,00,000 रु. लागले, खर्च दरवर्षी 6 टक्के वाढला असं धरू.
▪️ दुसरं वर्ष: 2,12,000
▪️ तिसरं: 2,24,720
▪️ चौथं: 2,38,203
▪️ पाचवं: 2,52,495

क्षेत्र तेवढंच, रोपं तेवढीच, तरी पाचव्या वर्षापर्यंत 52,495 रु. जादा घालावे लागतात. ही रक्कम आधीच्या वर्षाच्या मिरचीच्या पैशातून बाजूला काढली नाही, तर ऐन हंगामात व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते. मग मालाचा दरही तोच ठरवतो.

*हिशेब असा करा*

1️⃣ सगळ्याला एकच टक्का लावू नका. मजुरी आणि औषधं वाढतात. युरियाचा दर सरकार ठरवतं, तो वर्षानुवर्षं जवळपास तसाच आहे. स्थिर व्याजाच्या कर्जाचा हप्ता वाढत नाही. मंजूर झालेलं अनुदानही वाढत नाही.

2️⃣ मिरचीचा दर वाढेलच असं धरू नका. एक तक्ता दर वाढवून करा, एक आजचाच दर ठेवून. दुसऱ्या तक्त्यातही खर्च आणि हप्ता निघत असेल तरच पुढे जा.

3️⃣ व्याज आणि आकडे एकाच मापाने मोजा. बँकेच्या 11 टक्के व्याजात महागाई आलेलीच असते. पुढच्या वर्षांचे वाढीव आकडे मांडले तर 11 टक्क्यांशी ताडा. सगळे आकडे आजच्या दराने मांडले तर महागाई वजा करून, म्हणजे 1.11 भागिले 1.06, साधारण 4.7 टक्क्यांशी ताडा. दोन्हीची सरमिसळ केली की फायद्याचं कामही तोट्याचं दिसतं.

4️⃣ शेवटच्या पिकानंतर 2,52,495 रु. मोकळे होतात. तो नफा नाही, तुमचाच घातलेला पैसा आहे.

बँकसुद्धा असंच करते. किसान क्रेडिट कार्डची 5 वर्षांची मर्यादा ठरवताना खर्चवाढीसाठी दरवर्षी 10 टक्के वाढ धरलेली असते. मग आपण आपल्या वहीत का धरू नये?

सही करण्याआधी कोटेशन आणि मागच्या हंगामाची खर्चाची वही घेऊन कार्यालयात या. सोबत बसून 5 वर्षांचा तक्ता करू.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी