गुडघ्याची कॅप्सूल

आप्पांनी काउंटरवर चिठ्ठी ठेवली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सुरतच्या गोडादऱ्यात ही वेळ मेडिकलवाल्यांना निवांत असते. दिवसपाळीचे कारागीर मागांवर, रातपाळीचे झोपलेले, बाया दारात बसून साड्यांना खडे चिकटवताहेत. चिठ्ठी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलची होती. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. एर्लोटिनिब, रोज एक. सेलेकॉक्सिब २०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. एर्लोटिनिब ते मुंबईहूनच घेऊन आले होते, बाकीची दोन माझ्याकडे मागत होते.

मी सेलेकॉक्सिबची स्ट्रिप काढली, तर आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. "हाई ते मनी बायको गुडघासाठे खास, ताई!" म्हणजे, ही तर माझी बायको गुडघ्यासाठी खाते.

खरंच होतं. काकूंना तीच कॅप्सूल गेली दोन वर्षं मीच देत होते. आप्पांना वाटलं, गालाच्या कॅन्सरवर काही उपाय उरला नाही म्हणून डॉक्टरांनी दुखण्याची गोळी देऊन वाटेला लावलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

मी अमळनेरची. डी.फार्म. करून लग्नानंतर इकडे आले. इथे आमच्या भागात शिरपूर, चोपडा, पारोळा, नंदुरबारकडची सगळी माणसं. उधना स्टेशनला उतरायचं आणि मागावर लागायचं, ही दोन पिढ्यांची रीत. बारा तासांची पाळी, आणि ती काढायला गालात तंबाखू. गुजरातेत गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते, गिऱ्हाईक तोंडात दोन्ही एकत्र करतं. आप्पांनी तीस वर्षं गालात तंबाखू धरली.

तर, गुडघ्याची गोळी कॅन्सरला कशी? दुसऱ्या वर्षाचं फार्माकॉलॉजी मी रात्री पुन्हा काढून बसले.

शरीराला कुठे जखम झाली की तिथल्या पेशी कॉक्स-२ नावाचं एक एन्झाइम तयार करतात. ते प्रोस्टाग्लँडिन बनवतं. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे निरोप: रक्त इकडे वाढवा, सूज येऊ द्या, दुखू द्या. ॲस्पिरिन हा निरोप बनण्याआधीच थांबवते, हे ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवलं आणि १९८२चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. सेलेकॉक्सिब त्याच कुळातली, फक्त नेम धरून कॉक्स-२वरच बसणारी.

जखम भरली की हे निरोप थांबतात. कॅन्सरच्या गाठीत ते थांबत नाहीत. बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६मध्ये लिहिलं होतं की गाठ ही न भरणारी जखम आहे. चुना-तंबाखूने रोज सोललेल्या गालाला हे वाक्य किती चपखल बसतं! गाठ प्रोस्टाग्लँडिन सोडत राहते, नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते, आणि कॅन्सर मारायला आलेल्या पांढऱ्या पेशींनाही त्याच निरोपाने गप्प बसवते.

दुसरा निरोप वाढीचा. पेशीच्या अंगावर ईजीएफआर नावाचे ग्राहक, म्हणजे निरोप घेणारे रिसेप्टर, असतात. बाहेरून इशारा आला की ते आत कळवतात, तिथून एकाकडून दुसऱ्याकडे करत निरोप थेट केंद्रकात पोचतो: एकीच्या दोन व्हा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे ग्राहक बहुतेक वेळा भरमसाट झालेले असतात. एर्लोटिनिब त्यांची आतली बाजू बंद करते. आणि हे दोन्ही रस्ते एकमेकांना मिळालेले आहेत. प्रोस्टाग्लँडिनमुळे ईजीएफआर चेततो, ईजीएफआरमुळे कॉक्स-२ वाढतं. एकच वाट अडवली तर निरोप दुसरीकडून जातो.

हे आप्पांना मी मागाच्या दाखल्यावरून समजावलं. बाण्याचा धागा तुटला की काट्याला कळतं आणि माग आपोआप थांबतो. तुमच्या गाठीत तो काटाच बांधून ठेवलाय, माग चालूच आहे. आप्पा लगेच म्हणाले, "मग कापड वाया." मागावरच्या माणसाला अजून काय सांगायचं?

टाटामध्ये हे अंदाजाने देत नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी पुढे गेलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ४२२ रुग्णांचे दोन गट केले. एकाला सिस्प्लॅटिनचं सलाइन, दुसऱ्याला घरी घ्यायच्या फक्त दोन गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. २०२०मध्ये निकाल छापून आला. सलाइनवाल्यांचं मध्यक आयुर्मान ६.१ महिने, गोळ्यांवाल्यांचं ७.५. फरक जेमतेम दीड महिन्याचा, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गोळ्यांवाल्यांना गंभीर त्रास कमी झाला, आणि ज्याचा दिवस बुडला की पगार बुडतो त्याची मुंबईची खेप वाचली. थोडं-थोडं औषध न थांबता देण्याच्या या पद्धतीला मेट्रोनॉमिक म्हणतात, संगीतातल्या ठेका धरणाऱ्या यंत्रावरून. पुढे त्याच मंडळींनी १५१ रुग्णांना आप्पांच्या चिठ्ठीतली तिन्ही औषधं दिली आणि निम्म्यांना जोडीला निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं इंजेक्शन दिलं, तेही नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. मुंबईत परळला बसून, गरिबाच्या खिशाकडे बघून केलेलं हे काम मला परदेशातल्या पुष्कळ झगमगाटापेक्षा मोठं वाटतं.

मात्र यातून नको तो अर्थ काढणारे रोज भेटतात. ॲस्पिरिन रोज खाल्ली तर कॅन्सर होत नाही, असा मेसेज दाखवत गिऱ्हाईक येतं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये, तेही गाठीत ठरावीक जनुकीय बदल असलेल्यांना, ऑपरेशननंतर ॲस्पिरिनचा फायदा दिसला आहे. स्तनाच्या कॅन्सरवरच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. आणि सेलेकॉक्सिबची सख्खी बहीण रोफेकॉक्सिब हृदयाच्या झटक्यांमुळे २००४मध्ये जगभरातून मागे घ्यावी लागली. पोट, मूत्रपिंड, हृदय, तिन्हींचा हिशोब या गोळ्या मागतात.

तो हिशोब मीच एकदा चुकले. संध्याकाळची गर्दी होती. आप्पांची सून आली, "बाबांचा जबडा ठणकतोय, काहीतरी द्या." हाताला सवय, मी डायक्लोफेनॅकची स्ट्रिप दिली. शटर ओढताना डोक्यात लख्ख उजेड पडला. सेलेकॉक्सिब चालू असताना त्याच कुळातली दुसरी गोळी, शिवाय मेथोट्रेक्सेट! मूत्रपिंड मंदावलं की मेथोट्रेक्सेट रक्तात साचतं, तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी कोसळतात. टाटाचे डॉक्टर रक्त तपासून, मोजून देतात ते मी एका सवयीने बिघडवत होते. नवऱ्याला गाडी काढायला लावली, आप्पांचं घर गाठलं. एक गोळी पोटात गेली होती, नऊ परत आणल्या. आप्पांनी वर मलाच चहा पाजला.

त्याच रात्री त्यांच्या डब्यात मला मेथोट्रेक्सेट दिसलं. दर आठवड्याला अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, एकाच दिवशी. सून मात्र रोज एक द्यायच्या बेतात होती, कारण घरात बाकी सगळं औषध रोजचंच. तेव्हापासून मी सहा-सहा गोळ्यांच्या पुड्या बांधते आणि मार्करने मराठीत 'सोमवार' लिहिते.

काकूंची कॅप्सूल वेगळ्या डब्यात असते. दोन्ही डब्यांतली सेलेकॉक्सिब एकच, पण त्यांच्या डब्यावर मी 'गुडघा' लिहून ठेवलंय. परवा त्या हळूच विचारत होत्या, "मी आधीपासून खाते, म्हणजे मला नाही ना व्हायचा?" मी आधी त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं.