कल्टार घालताना

पावसाने थोडी उघडीप दिली की रत्नागिरीकडच्या आंबाबागांत कल्टार हे मोहोरासाठीचं औषध घालायचं काम निघतं. 15 जुलै ते 15 ऑगस्ट हा त्याचा काळ. आधी कलमाचा घेर मोजायचा. एकाने टेपचं टोक धरून पूर्वेच्या शेवटच्या फांदीखाली उभं राहायचं, दुसऱ्याने पश्चिमेच्या. मग तसंच दक्षिणोत्तर. सरासरी काढून मीटरला 3 मिली औषध. मी पाहत होतो त्या कलमाचा घेर 7 मीटर भरला, म्हणजे 21 मिली, चार-पाच लिटर पाण्यात. बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध पहारीने गोलाकार 25-30 भोकं पाडली, पाच-सहा बोटं खोल. "एकाच भोकात ओतू नकोस रे, सगळ्या मुळांना मिळू दे," बागायतदार काका गड्याला बजावत होते.

एवढ्याशा औषधाने अवाढव्य झाड वळतं, ते एका एन्झाइममुळे. कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझॉल मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं आणि शेंड्यांपर्यंत पोचतं. झाड आपलं जिबरेलिन हे संप्रेरक टप्प्याटप्प्याने तयार करतं, एकेक एन्झाइम एकेक टप्पा उरकतं. त्यांपैकी कौरीन ऑक्सिडेजच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. पॅक्लोब्युट्राझॉलचा नायट्रोजन नेमका त्यालाच चिकटतो आणि पुढचं सगळं काम अडतं.

जिबरेलिनची ताकद जगाला कळली ती भाताच्या रोगातून. रोगट रोपं भलतीच उंच होतात ती जिबरेलिन असलेल्या बुरशीच्या स्रावामुळे, हे एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं. इथे उलटं घडतं. जिबरेलिन कमी पडलं की पेशी पुरेशा लांबत नाहीत, पेरं आखूड राहतात, पालवीचा जोर ओसरतो. आंब्यात जिबरेलिन मोहोरालाही आडवं येतं, त्यामुळे ते घटलं की मोहोराची वाट मोकळी होते. वर्षाआड धरणाऱ्या हापूसला याचा केवढा आधार!

पण अंदाजाने बाटली उपडी करणाऱ्यांचा मला राग येतो. हे औषध मातीत महिनोन्‌महिने टिकतं. मात्रा वाढली की पालवी गुच्छासारखी आखडते, मोहोरही खुरटतो. शिवाय दरवर्षी फळ धरणाऱ्या झाडाला शेणखत आणि खतं पोटभर द्यावीच लागतात.

दहा वर्षांखालच्या कलमांकडे काकांनी पहार नेऊच दिली नाही. त्यांना अजून फांद्या पसरायच्या आहेत, आणि त्यासाठी हेच जिबरेलिन लागतं.