लंडनमध्ये मुक्काम कुठे करावा?

लंडनभेटीसाठी विमानतळाजवळचे स्वस्त हॉटेल आम्ही जवळजवळ निश्चितच केले होते. परंतु सोबत गुडघेदुखीने त्रस्त आई होती आणि हाताशी दोनच दिवस होते. म्हणून थोडे अधिक भाडे मोजून आम्ही ब्लूम्सबरीत उतरलो. ब्रिटिश म्युझियम, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही बाबासाहेबांच्या अध्ययनाची तिन्ही स्थळे तेथून जवळ आहेत.

१९२१-२२ मध्ये ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर आता स्मारक आहे. त्यासाठी यूस्टनहून नॉर्दर्न लाइनची एजवेअरकडे जाणारी गाडी धरावी. चॉक फार्म स्थानकावर उतरावे. त्या घरात आई न थकता, हात जोडून बराच वेळ उभी राहिली. वडीलधाऱ्यांना नेणाऱ्यांनी भाड्याबरोबर चालण्याचाही हिशेब अवश्य करावा.